अंधाराला घाबरणारा व्हॅम्पायर

मे २००९, रविवार संध्याकाळ

नुसती चिडचिड झालीये. लहानपणी ओझरच्या फॅक्टरी कॉलनीत भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिलेला तो परदेशी सिनेमा अखेर मिळाला. कुणालाच न चावणारा, दमलेला व्हॅम्पायर! मेन रोडवरून सीडी आणली, लेकीला बळंच शेजारी बसवलं. "बघ हं चिनू, आता तो दारातल्या मुलीला म्हणेल, घाबरू नकोस, मलाही अंधाराची भीती वाटते."

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरांत आलं, दार लाव, गार वारा येतोय.

चिनू हसायला लागली. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. अंधाराचं वाक्य नाहीच.

शेवटी कॉलनीतल्या पगारेकाकांना फोन लावला. तेव्हा टीव्हीशेजारी स्टुलावर बसून तेच आम्हा पोरांना सगळा सिनेमा मराठीत सांगत होते. म्हणाले, "अगं, मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. तू रडायला लागलीस, मग काहीतरी बोलायला नको?"

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला जीव लावला, तो फॅक्टरीतल्या एका फिटरने स्टुलावर बसून रचलेला? मग मला राग कुणाचा येतोय? काकांचा तर नाही. सीडीवाल्याचा?

चिनू म्हणाली, "आई, आवाज बंद कर ना. तूच सांग तो काय म्हणतो ते."

केला बंद. तो दारात आला, त्याचे ओठ हलले. चिनू माझ्या तोंडाकडे बघत बसली, आणि मला काकांच्या त्या अंधाराच्या वाक्याशिवाय काहीच सुचेना.