होळीची राख

धुळे,
ता. ६ सप्टेंबर १९३७

ती. स्व. भाऊस कुंदाचा शि. सा. नमस्कार.

इकडे मी खुशाल आहे. तिकडे माय, वहिनी, छबी आणि तू खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुझं पत्र येऊन महिना उलटला. शाळेत पोरांना शुद्धलेखन घालणाऱ्या मास्तराला बहिणीला चार ओळी लिहायला सवड मिळू नये, हे नवलच. हे वाक्य गाळू नकोस, मोठ्याने वाच. तू ओट्यावर बसून माझी पत्रं वाचतोस आणि माय समोर वाती वळत ऐकते, हे मला इथूनही दिसतं.

दवाखान्यात माझं बरं चाललं आहे. सध्या डोळ्यांच्या वॉर्डात आहे. मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं पट्टी बांधून पडलेली असतात. त्यांना उठवायचं, भरवायचं, डोळ्यात थेंब टाकायचे. काल अभिमन नावाच्या एका म्हाताऱ्याची पट्टी सोडली. तो साक्रीकडचा. डोळे किलकिले करून म्हणाला, "माय, माले तुना हात दिखना." मग माझा हात सोडेचना. माझ्याबरोबर शिकणाऱ्या बायकांना भरून आलं. मी पुढच्या खाटेकडे गेले.

माझ्या खोलीत चाळीसगावची प्रमिलाबाई आहे. ती उगीचच हसते आणि उगीचच रडते. मला म्हणाली, "तू लाकडाची आहेस का गं?" मी म्हटलं, लाकूड बरं, घुण लागेपर्यंत टिकतं तरी.

तू विचारलं होतंस की पुढे कसं. तर आधी सगळ्यांनी सगळं शिकायचं, मग प्रत्येकीने आपली बाजू निवडायची. एक तर वॉर्डातली नर्स, नाही तर सुईणकाम. दिवाळीनंतर नाव द्यायचं आहे. माझं ठरल्यासारखंच आहे. डोळ्यांच्या वॉर्डातले डॉक्टर म्हणतात, या बाईला इथेच ठेवा. मायने निघताना स्टेशनवर काय सांगितलं ते मी विसरलेले नाही: "पट्ट्या बांध, औषध पाज, सारं कर. पन नाळ कापाचं काम करू नको वं माय. ते तानुबाईचं काम. आपल्या घरच्या लेकीनं केलं तं लोकं काय म्हनतीन?" तिला सांग, निर्धास्त राहा. बाळंतिणींच्या वॉर्डावरून मी जातसुद्धा नाही. जेवायला जाताना मागच्या व्हरांड्याने जाते. थोडं लांब पडतं, पण ऊन लागत नाही.

मन रमलं का, असं मायने विचारायला सांगितलं होतं. कामाला कमी पडत नाही, एवढं सांग.

वहिनीला नमस्कार, छबीला पापा.

तुझी,
कुंदा


धुळे,
ता. ११ नोव्हेंबर १९३७

ती. स्व. भाऊस कुंदाचा नमस्कार. मायला साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनीला दिवस गेल्याचं तू सातव्यात कळवतोस; पण संक्रांतीच्या सुमारास ती मोकळी होईल, हे वाचून आनंद झाला. या खेपेला बाळंतपण आपल्याच घरी, हेही बरं. मायने आतापासून तयारी काढली असेल. डिंक, खारीक, बाळंतविडा. तिचा उत्साह काय सांगावा.

आता माय, हे पुढचं तुझ्यासाठी. रागावू नको, आधी पुरतं ऐक. मी सुईणकामाच्या बाजूला नाव दिलं. तू नको म्हणाली होतीस, मी हो म्हटलं होतं, आणि तरी दिलं. इथे ब्राह्मणांच्या, वाण्यांच्या लेकीही हे काम शिकतात. तानुबाईच्या पोटावर मी पाय आणणार नाही. वहिनीच्या वेळी तीही येईल, तिचं लुगडं आणि तिचा मान तिलाच. पण वहिनीचं बाळंतपण मी करणार. रजा मागून ठेवली आहे.

आणि एक मागणं आहे. इथल्या बाळंतिणी मला विचारतात, होळीची राख कुठे मिळेल? या गावात कोण राखून ठेवतं? मी त्यांना सांगितलं की माझी माय होळी विझली की सकाळी मधली राख आणते, फडक्यातून वस्त्रगाळ करते, मडक्यात भरून देवाजवळ ठेवते, आणि बाळ झालं की वासराच्या शेणात कालवून नाळेवर लावते. अशी निगुतीची राख दुसरीकडे कुठली मिळायला? तर माय, ते मडकं मला पाठव. थोडी नको, सगळी पाठव. वहिनीची काळजी करू नको, येताना तिच्यापुरतं मी बरोबर आणीन. आपल्या गल्लीतला लीलाधर कापसाच्या कामाने इकडे येत असतो, त्याच्याजवळ दे.

तुझी लेक,
कुंदा


(आतला कागद)

भाऊ, हा कागद तुझ्या एकट्यासाठी आहे. ओट्यावर उघडला असशील तर घडी करून खिशात ठेव, आणि वाचून झाला की चुलीत घाल.

मायला वर जे लिहिलं ते खोटं आहे. इथे कुणी राख मागत नाही. इथे नाळेला राख लावू देत नाहीत.

दिवाळीआधी आम्हा सगळ्यांना बाळंतपणावर धडे झाले. पुढे कुठलीही बाजू घ्यायची असली तरी बसावंच लागतं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि आम्ही उतरवून घेत होतो. नाळ विळ्याने कापली, तिला शेण लावलं, राख लावली, माती लावली, की त्यातून धनुर्वाताचं विष बाळाच्या अंगात शिरतं. पहिले काही दिवस बाळ चांगलं असतं. मग दूध ओढेनासं होतं. आईला वाटतं, पोट भरलं असेल. मग जबडा आवळतो. रडू आलं तरी तोंड उघडत नाही. मग नुसतं दार वाजलं तरी पाठीची कमान होते.

मी सगळं लिहून घेतलं. अक्षर कुठे वाकडं झालं नाही. नंतर जेवायला गेले आणि रोजच्याइतकं जेवले.

भाऊ, तुला आठवतं ना? तू बाहेरच्या खोलीत होतास, तरी दार आपटलं म्हणून छबीवर ओरडला होतास. ह्यांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांच्यामागे तेवढंच एक लेकरू माझ्या हाती उरलं होतं. बारसं व्हायचं होतं म्हणून त्याला नावही नव्हतं. आपण सगळे म्हणालो, सटवाईने नेलं. तानुबाई म्हणाली, माय म्हणाली, मीही म्हटलं. सटवाईवर कुणाला रागावता येत नाही, तेच बरं होतं.

नाळ तानुबाईने विळ्याने कापली. राख मायने लावली. हात धुऊन, देवाला नमस्कार करून, स्वतःच्या बोटांनी. विळ्याने झालं की राखेने, हे कुणाला सांगता येणार? डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्हींनी होतं. मी एवढंच विचारलं, की ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राख लावतात तिथली माणसं मग जगली कशी? माझ्या मनात तू आणि मी होतो. त्या म्हणाल्या, सगळ्यांना होत नाही, म्हणून तर रीत टिकते.

मी मायवर रागावले आहे का, असं तू विचारशील. मी शोधून पाहिलं. राग सापडला नाही. तिने माझ्या लेकरासाठी जे केलं ते जीव लावून केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण इतर काहीही सापडलं नाही, आणि त्याची मला कधीकधी भीती वाटते. दोन वर्षं झाली, मी एकदा धड रडलेले नाही. लोक म्हणतात, कुंदा खंबीर आहे. खंबीर नाही रे, बधिर आहे.

डोळ्यांच्या वॉर्डात मला बरं वाटायचं. बरं म्हणजे काही वाटायचं नाही, आणि ते तिथे कुणाच्या लक्षात यायचं नाही. तेच काम घेऊन जन्म काढायचा, असं मी ठरवलं होतं. तुला मागे लिहिलं ना, की मागच्या व्हरांड्याने ऊन लागत नाही? खरं तर ऊन तिकडेच जास्त. पुढच्या बाजूने गेलं की तान्ही रडताना ऐकू येतात.

मग तुझं पत्र आलं. त्यात तू आनंदाने लिहिलं होतंस, मायने मडकं पुसून ठेवलं आहे, या वेळची राख तिने आधीच दोनदा चाळली.

छबी वाचली ती वहिनीच्या माहेरी झाली म्हणून. हे बाळ आपल्या घरी होणार.

त्याच दिवशी मी जाऊन सुईणकामाला नाव दिलं. डोळ्यांचे डॉक्टर नाराज झाले. दुसऱ्या दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. पहिली बाई शिरपूरकडची होती. बाळ झालं आणि क्षणभर गप्पच राहिलं. ती घाबरून विचारत होती, "पोऱ्या कसाले रडस नही?" मी त्याला पालथं धरून पाठ चोळली, तोंड पुसलं, तसं ते रडलं. आई रडली, तिची सासू रडली. मी उकळलेल्या कात्रीने नाळ कापली, उकळलेल्या दोऱ्याने बांधली आणि कोरडं स्वच्छ फडकं ठेवलं. बाकी काही नाही. मला काही वाटलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा हात या कामाचा आहे. असेल. मला आवडतं म्हणून मी हे काम घेतलेलं नाही, भाऊ. दुसरं कुठलं काम मला आता करता येणार नाही, म्हणून घेतलं.

मायला खरं सांगायचं नाही. कधीच नाही. तिला कळलं तर ती जगणार नाही, किंवा जगेल, आणि ते जास्त वाईट. झाकली मूठ राहू दे. तू फक्त एवढं कर, की ते मडकं घरातून निघेल. सगळ्या राखेसकट निघेल. तिने चिमूटभर मागे ठेवली तर तू टाकून दे. आणि मी पोचायच्या आधी वहिनीला कळा लागल्या, तर बाळाच्या नाळेला तू कुणालाही हात लावू देऊ नकोस, मायलासुद्धा नाही. लोकांनी तुला बायल्या म्हटलं तरी दारात उभा राहा.

कुंदा


धुळे,
ता. ३ डिसेंबर १९३७

भाऊ,

हे पत्रही आधी एकट्याने वाच. काल लीलाधर आला होता. मडकं नीट पोचलं. तोंडाला हळदीचं फडकं बांधलेलं, गाडीत कलंडू नये म्हणून खाली मायच्या जुन्या लुगड्याची चुंबळ. चाळीसगावला गाडी बदलताना तो ते डोक्यावर घेऊन उभा होता म्हणे. मायने त्याला तसं बजावलं होतं.

त्याने तिचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला. पहिले काही दिवस ती माझ्या नावाने बोटं मोडत होती. मग राख मागितल्याचं मनात घोळलं आणि शेजारणींना सांगायला लागली, की धुळ्याच्या दवाखान्यात माझी राख मागवली. निघताना लीलाधरला म्हणाली, "पोरीले सांग, माही राख हाये तुह्या हाताशी, मंग कायचं भेव? कर म्हना सुईनपन."

म्हणजे या कामाला मायचा आशीर्वाद मिळाला. तो कशावर मिळाला ते तू आणि मी जाणतो.

आज सुट्टी होती. मडकं घेऊन पांझरेवर गेले, पलीकडे देवपूरच्या बाजूला, जिथे बायका धुणं धूत नाहीत. पाणी फार नव्हतं. फडकं सोडलं. राख इतकी बारीक की बोटांना लागलेली कळत नव्हती. किती वेळा चाळली असेल तिने.

लहान लेकराला पुरतात, भाऊ, जाळत नाहीत. म्हणून त्याचं काहीच माझ्या हाती आलं नव्हतं, पाण्यात सोडायलाही नाही. मी मूठ मूठ करून सगळी सोडली. रडू आलं नाही. मडकं विसळलं, पालथं घातलं, आणि नंतरही बराच वेळ हात पाण्यातच ठेवून बसले. पाणी गार आहे, हे मला कळत होतं.

संक्रांतीच्या आधी मी येते. कात्री, दोरा, फडकी माझी मी आणीन. तू फक्त चुलीवर मोठं पातेलं ठेव. माय विचारील, वहिनीपुरती राख कुठे आहे. मी सांगेन, दुसऱ्यांच्या लेकरांनाच पुरली नाही.

मायला एवढंच वाचून दाखव, की राख पोचली आणि कामी आली.

तुझी बहीण,
कुंदा सुईण