तृप्तीचा पाचवा प्रश्न

नामपूर, ता. बागलाण
१२ जून

प्रिय मृण्मयी,

तुझ्या लेकीचे, तृप्तीचे प्रश्न मिळाले. वहीच्या पानावर पाच प्रश्न, प्रत्येकाखाली उत्तरासाठी मोकळ्या सोडलेल्या चार ओळी, आणि तू पाठवलेल्या फोटोखाली तुझं वाक्य, 'ही डोकं खातेय, तूच सांग काहीतरी.' त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. 'डिप्लोमाला इलेक्ट्रिकलच घ्यायचं म्हणते. माझे बाबा नाही म्हणतात. कारण तुला माहीतच आहे.' उत्तरं फोनवर दहा मिनिटांत सांगून झाली असती. पण आठ दिवस मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. आज मार्केट यार्ड बंद आहे, माझ्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, हाताखालच्या लताबाईलाही सुट्टी दिलीय. म्हणून कागद घेऊन बसले.

पोरीने पहिलाच प्रश्न असा विचारलाय की मी बघतच राहिले. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, मग एसी मोटर जागच्या जागी पुढे-मागे थरथरत का नाही, एकाच बाजूला कशी फिरते? आपण दोन वर्षं आयटीआयमध्ये घासली, हे आपल्याला सुचलं नव्हतं गं. तिला म्हणावं, एकदा इथे कांद्याचा लिलाव बघायला ये. ट्रॅक्टर ओळीने उभे असतात, जागचे हलत नाहीत. बोली मात्र एका ट्रॅक्टरवरून पुढच्या ट्रॅक्टरवर सरकते आणि व्यापाऱ्यांचा घोळका तिच्या मागे मागे जातो. थ्री फेज मोटरमध्ये असंच असतं. बाहेरच्या भागातली वेटोळी जागेवर पक्की बसलेली. पण तीन फेजचा प्रवाह एकदम जोर धरत नाही, एकामागून एक धरतो. त्यामुळे चुंबकाची ओढ गोल फिरत राहते आणि मधला रोटर तिच्यामागे धावतो. तिला तो कधीच गाठत नाही, थोडा मागेच असतो. गाठलं तर त्याच्यात प्रवाह निर्माण व्हायचा थांबेल आणि ओढच संपेल.

हा लिलावाचा दाखला लताबाईसाठी शोधला होता. ती पूर्वी खळ्यावर कांदा निवडायला जायची, आता माझ्याइतक्याच सफाईने मोटरच्या वेटोळ्यांचं वायंडिंग भरते. दुकानात आली त्याच आठवड्यात तिने विचारलं, "ताई, दोन वायरी बदल्या का मोटर उलटी फिरस, हाई कसं काय?" मी म्हटलं, "बोली ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू केली, तर घोळका कुठल्या बाजूला जाईल?" तिने क्षणभर विचार केला आणि इतकी हसली की बाहेर चहा पिणारे लोक आत डोकावले. तृप्तीचा तिसरा प्रश्न हाच आहे, म्हणजे त्याचंही उत्तर झालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तुझ्याच घरात आहे. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, पण हाताने ढकलला की चालू लागतो, असं का? तुमच्या पंचवटीतल्या घरात पूजेला आलेले यजमान जेवायला बसायचे त्या खोलीतला पंखा आठवतो का? सिंगल फेजमध्ये ओढ गोल फिरत नाही, नुसती मागे-पुढे होते. कुठल्या बाजूने निघायचं ते पंख्याला कळत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वायंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो आणि त्याला दिशा देतो. तो खराब झाला की पंखा बिचारा अडतो. तू तेव्हा झाडूच्या दांड्याने पातं ढकललंस, तर पंखा उलटा फिरायला लागला आणि सगळी पंगत हसली. मग तू मेन स्विच बंद करून स्टुलावर चढलीस आणि कंडेन्सर बदललास. काका हातात वरणाचं भांडं घेऊन उभे होते. इंदूरच्या कुठल्याशा यजमानांना म्हणाले, "आमची मुलगी इलेक्ट्रिशियन होतेय. या गल्लीतली पहिली." मी तुमच्याकडे सुट्टीला आले होते, तुझ्या शेजारी पंगतीत वाढत होते. काकांचा तो आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. तुला आयटीआयला पाठवायचं नाही म्हणून दोन महिने अबोला धरलेला माणूस तो.

चौथा प्रश्न डीसी मोटरला कार्बन ब्रश का लागतात हा. डीसीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. आतलं वेटोळं अर्धा फेरा फिरलं की चुंबक त्याला उलट खेचायला लागणार आणि ते तिथेच अडकणार. म्हणून दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातला प्रवाह उलटवावा लागतो. ते काम कॉम्युटेटर करतो, तांब्याच्या पट्ट्यांची ती गोल चकती, आणि ब्रश तिच्यावर घासत वीज आत पोचवतात. घासतात म्हणून झिजतात. हल्ली ई-रिक्षात बिनब्रशच्या मोटरी येतात, त्यात तेच काम कंट्रोलर करतो. पण आतला नियम बदललेला नाही.

आता पाचवा. तिने तो पुस्तकातून उतरवलाय. 'डीसी सिरीज मोटर भाराशिवाय कधीही चालवू नये. का?'

गेल्या महिन्यात लताबाईनेही हेच विचारलं होतं. मी फळ्यावर लिहून समजावलं. या मोटरमध्ये चुंबकाचं वेटोळं आणि फिरणारं वेटोळं एकाच साखळीत असतात. भार नसला की प्रवाह घटतो, प्रवाह घटला की चुंबक दुबळं होतं, आणि चुंबक दुबळं झालं की मोटर आणखी वेगाने पळते. तिला आवरणारं काही उरत नाही. शेवटी ती स्वतःच्याच वेगाने फुटते. लताबाई म्हणाली, "तुम्ही कधी देखी का, ताई?" मी म्हटलं, "नाही."

मृण्मयी, तिच्याशी मी खोटं बोलले. तूही तिथेच होतीस.

तो दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल, पण त्यातली एक गोष्ट तुला माहीत नाही. सकाळी वर्कशॉपमधलं सिरीज मोटरचं टेबल माझ्याकडे होतं. मोटरवरून तिला भार देणाऱ्या ब्रेकच्या ड्रमला जाणारा पट्टा घसरत होता. ड्रमवर तेल सांडलेलं म्हणून मी पट्टा काढला, ड्रम पुसला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पट्टा गुंडाळून टेबलाखालच्या कप्प्यात ठेवला आणि वरची जाळी लावून टाकली, कारण जाळी उघडी राहिली की देवरे सर ओरडायचे. जेवून आल्यावर पट्टा चढवायचा, असं मनाशी म्हटलं आणि डबा खाताना विसरले. जेवणानंतर तुझी पाळी होती. बारीक, तेलकट जाळी जागेवर होती. आत पट्टा नाही हे तुला बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं.

तू स्टार्टर पुढे सरकवलास. मोटरची ती किंकाळी मी अजून ऐकते, दुकानात एखादी मोटर बेअरिंगमुळे ओरडली तरी मी आधी स्विचकडे धावते. सर "बंद कर!" म्हणून धावले आणि तेवढ्यात तांब्याची पट्टी जाळी फाडून तुझ्या डाव्या हातात घुसली. सात टाके पडले. हाताला फडकं गुंडाळलेलं, तरी तू उभीच होतीस. सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं, "पट्टा कोणी काढला?" मी तुझ्यापासून तीन हातांवर होते. तोंड उघडलं नाही. माझ्या भावाने, खंडेरावने, बजावलं होतं, "एक तक्रार आली की दुसऱ्या दिवशी तू घरी." तेवढंच डोक्यात घुमत होतं. आणि तू म्हणालीस, "सर, चालू करण्याआधी मीच तपासायला हवं होतं." सरांनी रिपोर्टमध्ये तुझं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि तुला कायमचं घेऊन गेले. फाटकाशी मला बघून थांबले. रागावतील म्हणून मी मान खाली घातली, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी सांभाळून राहा गं पोरी." मी मान हलवली. परीक्षा झाली, मी पहिली आले. तुझं पुढच्या वर्षी लग्न झालं, आणि काकांनी तुम्हा दोघांना पंचवटीतच ठेवून घेतलं. तुझ्या लग्नात मी जेवले, फोटोत तुझ्या शेजारी उभी राहिले. दरवर्षी दिवाळीला आपण फोनवर बोलतो. एकोणीस वर्षांत मी तुला हे सांगितलं नाही. भीती कधीच गेली होती. पुढे भीती नव्हती, नुसती सोय होती. हे लिहायला जड जातंय, पण खरं तेच आहे.

तुझा निरोप आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी लताबाईला खरं सांगितलं. तिने तार गुंडाळणं चालूच ठेवलं. मग म्हणाली, "मंग त्या ताईले सांगं का?" मी नाही म्हटलं. तिने हातातली तार खाली ठेवली आणि म्हणाली, "मंग माले काबरं सांगी राहिन्या?"

म्हणून परवा सटाण्याला गेले. देवरे सर निवृत्त होऊन तिथेच राहतात, गुडघे दुखतात, पण डोकं तल्लख आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता एकोणीस वर्षांनी काय उपयोग?" मी म्हटलं, "सर, तिच्या मुलीला उपयोग आहे." ते उठून खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, "पट्टा मला संध्याकाळी कप्प्यात सापडला होता. नीट गुंडाळलेला. म्हणजे कोणीतरी मुद्दाम काढून ठेवला होता, हे मला कळलं होतं. पण रिपोर्ट गेला होता आणि पोरीने स्वतःच कबूल केलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही." मग टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला. चूक मृण्मयीची नव्हती, जाळी लावलेली असल्याने तिला काही कळणं शक्य नव्हतं, आणि चौकशी न करता तिचं नाव लिहिलं ही माझी चूक, असं त्यात आहे. खाली सही आणि तारीख. तो कागद या पाकिटातच आहे.

फोनवर सांगितलेली गोष्ट हवेत विरते, आणि काकांना तू तुझ्या तोंडून सांगितलंस तर तू स्वतःची बाजू सावरतेयस, असं त्यांना वाटेल. म्हणून हे पत्र. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, त्यांच्यापुढे ठेवता यावं म्हणून लिहिलंय. तृप्तीचा फॉर्म भरायची मुदत पुढच्या बुधवारी संपते, ते मी बघून ठेवलंय. ज्या कारणाने ते तिला अडवताहेत ते कारण मी आहे, तू नाहीस, हे त्यांना सगळं वाचून दाखव. रविवारी सकाळच्या एसटीने मी पंचवटीत येतेय. तू दार उघडायलाच हवंस असं नाही, आणि माफ करावंस म्हणून मी येतही नाही, ते तुझं तू ठरव, लागेल तितकी वर्षं घे. काका बोलतील ते मी ऐकून घेईन. पण तृप्तीच्या फॉर्मवर 'इलेक्ट्रिकल' लिहिलेलं मला त्यांच्यादेखत बघायचंय, आणि तोवर मी तुमच्या ओट्यावरून उठणार नाही.

तुझीच,
स्नेहल