शून्य जंतूंचा माणूस

दिवा (पूर्व), शनिवार सकाळ

तीर्थस्वरूप गोविंदमामांना,

साईनाथचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तरी वाकूनच). तुमचा गुडघा, मामींची तब्येत आणि कळव्याचं पाणी, तिन्ही बरी असतील अशी आशा. आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गुरुवारपासून मी मजेत नाहीये.

तुम्ही पाहुण्यांना सांगता, भाचा मानपाड्याला औषधं बनवतो. बनवत नाही हो, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या भरतो, काचेआडच्या खोलीत, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यात (फक्त डोळे दिसतात, तुमची भाचेसून रसिका म्हणते, तेवढेच बरे आहेत). बाहेर पडताना रोज हातमोज्याची पाची बोटं एका चपट्या ताटलीत टेकवायची. ताटलीत जंतूंचं खाणं थापलेलं असतं, मग ती उबेला ठेवतात. बोटावर जंतू असला की पाच दिवसांत ठिपका उगवतो. ते मोजायचं काम हेमा मॅडमचं. फेब्रुवारीत माझ्या अंगठ्याखाली एक उगवला, पिवळा, मोहरीएवढा. मॅडमनी त्याचं नाव-गाव-कूळ काढलं (माणसाच्या कातडीवरचाच निघाला) आणि मला, अकरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला, कालच्या पोरांसोबत हात धुवायच्या वर्गात बसवलं. मामा, लाज वाटली हो. नियम असा की आधी बोटं टेकवायची, मग स्पिरिट मारायचं. दुसऱ्या दिवसापासून मी आधी स्पिरिट मारायला लागलो.

मग काय, शून्य. आठ महिने शून्य. जूनमध्ये 'सर्वात स्वच्छ हात' म्हणून साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो कॅन्टीनमध्ये लागला, त्यात मी मूर्खासारखा हसतोय. गुरुवारी मॅडम त्या फोटोसमोर चहा पीत उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "साईनाथ, माझ्या स्वतःच्या हातालाही कधी ना कधी एखादा जंतू निघतो. तुमच्या नाही निघत. सोमवारी दोघं बसून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघू." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्याकडे पाणी दिवसाआड, आणि मी तेव्हापासून दोन-दोन बादल्या हात धुण्यात घालवतोय. काल रसिकानं हातातला मगच काढून घेतला. नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार? कबूल करून टाकावं असं वाटतं, मग वाटतं, कदाचित कॅमेऱ्याला माझी पाठच दिसत असेल. त्याला नेमका कुठला कोपरा दिसतो हे काल दिवसभर मान वर करकरून बघत होतो. आता रेकॉर्डिंगमध्ये तेही आलं असणार.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि माझ्यासाठी जमल्यास एक नारळ.

तुमचा भाचा,
साईनाथ

ता. क. तुमच्या ओळखीत कुणाला गोडाऊनवर माणूस हवा असेल तर विचारून ठेवा. भिवंडी असली तरी चालेल.

ता. क. २. मामा, वरचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, हे आधी वाचा. मामींच्या मोतीबिंदूनंतर मी स्टाफच्या कोट्यातून आणून दिलेले थेंब आमचेच आहेत, ऑगस्टमधले. ते आता घालू नका. डॉक्टरांना सांगून आजच्या आज दुसऱ्या कंपनीचे घ्या. बाटली बहुधा चांगलीच आहे. प्रत्येक मालाची चौदा दिवसांची वेगळी तपासणी होते, त्यात ती पास झालीय. पण माझ्या ताटल्या खऱ्या असत्या तर मला 'बहुधा' लिहावं लागलं नसतं. काल फोन केला होता. मामींनी उचलला, म्हणाल्या, "डोळ्याला आराम आहे रे, तुझ्यामुळे." मी फोन ठेवून दिला. म्हणून रसिकाच्या हाती हे पाकीट. मामींनी कारण विचारलं तर खरं सांगा. बाटली फेकू नका, रसिकाकडे द्या. सोमवारी रेकॉर्डिंग लावायच्या आधी ती मला मॅडमच्या टेबलावर ठेवायची आहे.