नजर खाली गेल्याचा शेरा

प्रति,
मा. रोजगार अधिकारी साहेब,
जिल्हा रोजगार कार्यालय,
म्हैसूर.

विषय : माझी नात कु. भव्या रणोजीराव मोहिते हिच्या नावापुढे लागलेला ‘गैरमार्गाचा संशय’ हा शेरा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : गणेशोत्सवात आमच्या मंडळात आपण केलेले मराठी भाषण. नोकरीची अडचण असेल त्याने सरळ मला लिहावे, असे आपण त्यात म्हणाला होतात.

अर्जदार : श्रीमती गोदावरीबाई फत्तेसिंगराव मोहिते, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, रा. अग्रहार, म्हैसूर.

महोदय,

१. ही हकीकत सन २०२४ ची आहे. त्या वर्षी श्रावणात भव्याची मुलाखत झाली आणि मुलाखत घेणाऱ्या यंत्राने तिला लबाड ठरवले. ती लबाड नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच. पण एवढेच लिहिले तर अर्ज फायलीला लागेल आणि फाईल कपाटाला, हे मी सरकारी नोकरीत पाहिलेले आहे. म्हणून सविस्तर लिहिते. आमचे मराठी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेले आहे. मधे कानडी शब्द आला तर आपण साताऱ्याकडचे असूनही सांभाळून घ्यावे.

२. भव्या संगणकशास्त्रात बी.ई. आहे. तिचे आईवडील दोघेही बेळगोळच्या कारखान्यात कामाला जात, त्यामुळे ती माझ्याजवळ वाढली. पदवी झाल्यापासून तिने किती कंपन्यांना अर्ज केले ते तिलाही आठवत नाही. प्रत्येक ठिकाणी आधी आपली सगळी माहिती असलेला कागद चढवायचा आणि मग तीच माहिती पुन्हा रकान्यारकान्यात भरायची. मी एकदा विचारले, “कागद दिलास ना? मग परत कशाला सांगतेस?” ती म्हणाली, “अज्जी, कागद त्यांना वाचता येत नाही.” नवशिक्यांच्या जागेला दोन वर्षांचा अनुभव मागतात. नकारही येत नाही. आमच्या वेळी नकाराचे पोस्टकार्ड यायचे, खाली कुणाची तरी सही असायची. त्या सहीवर रागावता यायचे. आता रागवायचे तर कुणावर, हा प्रश्न आहे.

३. अशात एका चांगल्या कंपनीने तिला मुलाखतीला बोलावले. बोलावले म्हणजे घरीच बसवले. समोर माणूस नव्हता. पडद्यावर एक काळा चौकोन आणि त्यातून आवाज. आवाज प्रश्न विचारणार, हिने उत्तर द्यायचे आणि यंत्राने हिचा चेहरा बघायचा. खोलीत दुसरे कुणी असता कामा नये, म्हणून मी बाहेर तुळशीपाशी बसले होते. दाराआडून तिची उत्तरे ऐकू येत होती. पोरगी घडाघडा बोलत होती. एकाही ठिकाणी अडली नाही. मी मनात शिऱ्याला किती रवा घ्यायचा ते ठरवत होते.

दोन दिवसांनी पत्र आले. ‘उमेदवाराची नजर वारंवार पडद्याबाहेर. गैरमार्गाचा संशय. एक वर्ष अपात्र.’ म्हणजे ती खाली कुठेतरी लिहून ठेवलेले वाचत होती, असा यंत्राचा समज. ही परीक्षा घेणारी मंडळी एकच आणि त्यांच्याकडून माणसे घेणाऱ्या कंपन्या अनेक. त्यामुळे शेरा एकाने दिला आणि दारे सगळ्यांची बंद झाली.

४. आता ती खाली का बघत होती, ते सांगते. याची साक्षीदार मी आहे, कारण तिला तसे मी वाढवले.

आमचे पूर्वज राजवाड्याच्या घोडदळात होते. आमच्या घरात वडीलधाऱ्याने काही विचारले तर त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देत नाहीत. त्याच्या पायांकडे बघायचे आणि आवाज मात्र खणखणीत ठेवायचा. डोळ्याला डोळा भिडवणे म्हणजे उद्धटपणा. माझ्या सासूबाई म्हणत, “जीभ वर, नजर खाली.” मी भव्याला तेच सांगितले. आजोबांनी पाढे विचारले की ती त्यांच्या अंगठ्याकडे बघून पाढे म्हणायची. एरवी ती कुणाकडेही बघून बोलते, मैत्रिणींशी, मास्तरणींशी, दुकानदाराशी. मग त्या दिवशी काय झाले? मी विचारले तेव्हा ती रडत म्हणाली, “अज्जी, तो आवाज आजोबांसारखा होता. जाड, हळू. मान आपोआप खाली गेली.”

महोदय, यंत्राला आवाज कुठला द्यायचा हे कुणीतरी ठरवले असेल. वयस्क माणसाचा आवाज दिला की आदर वाटेल, असेही त्याला वाटले असेल. तर आदर वाटला. पुढे काय झाले ते वर लिहिले आहे.

५. माझीही एकदा मुलाखत झाली होती. साल १९७४. टेलिफोन खात्यात ऑपरेटरची जागा होती. आमच्या घरातली नोकरीला निघालेली मी पहिली सून. सासरे सोबत आले आणि बाहेर झाडाखाली छत्री टेकून उभे राहिले. आत सत्यनारायण नावाचे अधिकारी होते, पिकलेल्या मिशांचे. त्यांनी नाव विचारले, मी त्यांच्या चपलांना सांगितले. दुसरा प्रश्न विचारला, त्याचे उत्तरही चपलांनाच. तिसऱ्या प्रश्नाला माझा आवाजही बसला. शेजारचा कारकून कानडीत म्हणाला, “सार, ही बाई फोनवर काय बोलणार?”

सत्यनारायण सार उठले, आपली खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्याकडे पाठ. मग म्हणाले, “हं अम्मा, आता सांगा. फोनमध्ये तरी कुठे कुणाचे तोंड दिसते?” मी सगळी उत्तरे दिली. त्यांनी वळून पाहिले ते सही करायला.

पुढे मी सगळी नोकरी त्या खात्यात केली. मर्काऱ्याचे कॉल जोडले, मुंबईचे जोडले, मयताच्या बातम्या जोडल्या आणि मुलगा झाल्याच्याही. नंतर आपोआप जोडणारी यंत्रे आली आणि आम्हाला बिलांच्या विभागात पाठवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्राने माझे काम घेतले, पण मला खोटारडी म्हटले नाही.

६. शेरा काढावा म्हणून मी प्रयत्न केले नाहीत असे नाही. आमच्या गल्लीतल्या मंजुनाथच्या सायबर सेंटरमध्ये जाऊन त्या पत्राला उत्तर पाठवले. उत्तराला उत्तर लगेच आले, की या पत्त्यावर पत्रे वाचली जात नाहीत. मग मंजुनाथने त्यांचे मदतीचे पान उघडले. तिथे आधी मी यंत्र नाही हे सिद्ध करायचे होते. चित्रांतून रस्त्यावरचे दिवे निवडायचे. मी खांबही निवडले, कारण खांबाशिवाय दिवा कसला. तीनदा चुकले. मंजुनाथ म्हणाला, “अय्यो अज्जी, तुम्ही फार विचार करता. ते तुम्हाला माणूस मानणार नाही.” शेवटी त्यानेच दिवे निवडले आणि तो माणूस ठरला. आत गेल्यावर एक जण गोड भाषेत विचारू लागला, मी आपली काय मदत करू? मी सगळे सांगितले, घोडदळापासून. तो म्हणाला, आपला प्रश्न समजला नाही, खालीलपैकी एक निवडा. खालीलपैकी एकातही आमची भव्या नव्हती.

बेंगळुरूला जाऊन प्रत्यक्ष भेटावे म्हणून पत्ता मागितला. पत्ता नाही. परीक्षा हवेत घेतात, असे माझा मुलगा रणोजीराव म्हणाला. तो फारसा बोलत नाही.

७. वर्षभर भव्या घरात होती. तिची मैत्रीण काव्या अशाच मुलाखतीतून नोकरीला लागली होती. तिने युक्ती सांगितली, “कॅमेऱ्याजवळ एक टिकली लाव आणि टिकलीशी बोल. मधे मधे हस. अष्टे.” अष्टे म्हणजे एवढेच. माझ्या जुन्या पाकिटातली लाल टिकली भव्याने लॅपटॉपवर लावली आणि रोज तिच्याशी बोलू लागली. आधी अडखळायची, आवाज आला की मान खाली. मग मलाच म्हणाली, “अज्जी, तू प्रश्न विचार. आजोबांसारखा आवाज काढून.”

मी काढला, महोदय. नवऱ्याचा आवाज काढून नातीला मान वर ठेवायला शिकवले. प्रत्येक वेळी तिची नजर घसरली की मी म्हणायचे, “वर.” आमच्या घरात हा शब्द या कामासाठी पहिल्यांदा उच्चारला गेला.

ती शिकली. आता चांगलीच शिकली आहे. परवा मी विचारले, “जेवलीस का ग?” तिने सरळ माझ्याकडे पाहिले, पापणी न हलवता, आणि जेवढे हसायचे असते तेवढे हसली. म्हणाली, “हो अज्जी.” मला उगीच पदर सारखा करावासा वाटला. माझ्या कपाळावर टिकली नाही, तरी ती तिथेच बघत होती.

८. वर्ष संपले, पण शेरा तसाच राहिला. मोठ्या कंपन्या घेत नाहीत. दिवाळीनंतर तिला विजयनगरमधल्या एका लहान कचेरीत काम मिळाले. त्या कामाचे नाव मला सांगता येत नाही, स्वरूप सांगते. मुलाखतींची चित्रे येतात, ती बघायची आणि प्रत्येक ठिकाणी खूण करायची, उमेदवाराची नजर हलली की नाही. त्या खुणांवरून यंत्र शिकते. म्हणजे ज्या शाळेने हिला नापास केले, त्याच शाळेत ही आता मास्तरीण आहे.

डिसेंबरात एक दिवस ती घरी आली आणि चप्पल न काढताच पायरीवर बसली. म्हणाली, “अज्जी, आज एक मुलगी होती. दोन वेण्या. सगळी उत्तरे बरोबर. आणि सगळी खाली बघून.”

मी विचारले, “मग?”

“मग काय. हलली म्हणून खूण केली.”

“भव्या, तुला ठाऊक होते ना ग ती का बघते ते?”

“सुम्निर अज्जी.” सुम्निर म्हणजे गप्प बस. तिने मला असे कधी म्हटले नव्हते. मग म्हणाली, “कारण लिहायला रकाना नाही.” हे बोलताना ती माझ्या पायांकडे बघत होती. वर्षात पहिल्यांदा.

९. सबब प्रार्थना अशी की :

(अ) भव्याच्या नावापुढचा शेरा काढावा. ती म्हणते, “आता कशाला, लागलीय ना नोकरी?” तिचे ऐकू नये.

(आ) शंका असल्यास आपण स्वतः आमच्या घरी यावे आणि तिला काहीही विचारावे. आपण वडीलधारे आहात. ती कुठे बघते ते आपल्याला दिसेल. निदान पूर्वी दिसले असते.

(इ) त्या यंत्राला खिडकीकडे तोंड करून बसता येईल अशी काही सोय करता येते का, हे संबंधितांना विचारावे. एका माणसाला सुचले होते, तेव्हा अवघड नसावे.

१०. संबंधितांचे पुढे काय झाले, ते माहितीसाठी नमूद करते. सत्यनारायण सार निवृत्तीनंतर लवकरच वारले. त्यांच्या तेराव्याला मी गेले होते, घरच्यांना खुर्चीची गोष्ट माहीत नव्हती, मी सांगितली. माझे यजमान फत्तेसिंगराव भव्या कॉलेजात असतानाच गेले. त्यांचा आवाज आता त्या यंत्रात आहे आणि थोडा माझ्याकडे. रणोजीरावच्या कारखान्यात माल तपासायला कॅमेरे बसले. त्याला दुसऱ्या पाळीत टाकले आहे. काव्याला तिच्या कंपनीने सकाळी ईमेल पाठवून दुपारी काढले. ती विजयनगरात मुलांना गणित शिकवते आणि त्यांच्याकडे बघून ओरडते, असे भव्या सांगते. मंजुनाथने सायबर सेंटर बंद करून तिथे फळांच्या रसाचे दुकान घातले, पण झेरॉक्सचे मशीन ठेवले आहे. या अर्जाची प्रत त्याच्याकडची आहे, कोपरा ओला दिसल्यास तो मोसंबीचा समजावा. भव्या रोज सकाळी कामाला जाते.

दोन वेण्यांच्या मुलीचे पुढे काय झाले, ते मला माहीत नाही. तिचे नाव, गाव काही ठाऊक नाही. पण तिच्या घरी कुणीतरी म्हातारी असेल, जिने तिला तसे वाढवले, आणि जी त्या दिवशी दाराबाहेर बसून शिऱ्याचा रवा मोजत असेल. भव्याचा शेरा काढणे आपल्या हाती नसेल, तर नसू द्या. पण त्या बाईचा पत्ता लागला तर तिला आमच्याकडून कळवावे की, तुमच्या पोरीने चोरी केली नव्हती. आम्ही पाहिले आहे.

आपल्या उत्तराकडे, सही असलेल्या उत्तराकडे, डोळे लावून बसलेली,

आपली नम्र,
गोदावरीबाई फत्तेसिंगराव मोहिते
अग्रहार, म्हैसूर
दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१. भव्याच्या पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत.
२. शेऱ्याच्या पत्राची प्रत.
३. माझ्या १९७४ च्या नेमणूकपत्राची प्रत, सत्यनारायण सारांच्या सहीसह.
४. लॅपटॉपवरून काढलेली लाल टिकली, एक. (मूळ. प्रत निघत नाही.)