पहिल्या रांगेतली जागा

प्रिय ताई,

तुझ्या ध्यानवर्गाची नवी जाहिरात पाहिली. त्यात अजून माझाच फोटो आहे, पहिल्या रांगेत, डोळे मिटलेले, चेहरा अगदी कोरा. खाली छापलंयस, ‘गाढ ध्यान’. वाचून मी एकटीच हसत सुटले आणि मग दिवसभर धुमसत राहिले.

गाढ कसलं, ताई? मी तिथे नव्हतेच. आपले अण्णा मारायला पट्टा काढायचे तेव्हा मी जशी स्वतःतून निघून जायचे, तशीच गेले होते. लहानपणी तूच मला चिमटे काढून परत आणायचीस. म्हणजे हे काय आहे ते साऱ्या जगात फक्त तुला ठाऊक होतं. तरी मला लोकांपुढे नमुना म्हणून बसवलंस. एकदा वर्गात कुणाच्या तरी हातून माझ्या हातावर उकळतं पाणी सांडलं, मी हललेसुद्धा नाही. लोकांनी मला हात जोडले आणि तू ते जोडू दिलेस.

तुझा वर्ग सोडून इथे उपचाराला आले, तेव्हा डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, डोळे मिटायचे नाहीत. पाय जमिनीवर दाबायचे, मुठीत बर्फ धरायचा, समोर दिसेल ते मोठ्यांदा सांगायचं: पडदा, पंखा, बाईंच्या झिजलेल्या चपला. श्वासाकडे बघता बघता हातपाय परके वाटू लागले, की तिथेच थांबायचं. तुझ्या लेखी हा पोरखेळ. पण त्याच पोरखेळाने मी ताळ्यावर आले, आणि आता बाईंबरोबर मीही असा वर्ग घेते. तो भाजलेला हात थंडीत ओढल्यासारखा दुखतो. दुखला की तुला मनसोक्त शिव्या घालते.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, “मावशी, आई सगळ्यांना सांगते की मी ध्यानात फार खोल जाते. पण मला कालची दुपारच आठवत नाही.” माझ्यानंतर ती जागा तू पोटच्या पोरीला दिलीस! सुट्टीत तिला आजोळी अण्णांकडे ठेवायचीस तेव्हा मी जीव तोडून नको म्हणत होते. तू म्हणायचीस, अण्णा आता निवळलेत.

ती कालपासून माझ्याकडे आहे. सज्ञान आहे, तेव्हा पोलिसांच्या धमक्या देऊ नकोस. रविवारी तुझ्या वर्गात लोक विचारतील, लेक कुठे आहे? तू काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेशील. पण मीही येणार आहे, आणि त्या फोटोत खरं काय आहे ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. हे फोनवरही कळवता आलं असतं. पण तू रडली असतीस आणि मी विरघळले असते. या वेळी मला विरघळायचं नाहीये.

तुझीच,
धाकटी