बॅटरीपासून वीतभर

प्रिय ताई,

हे पत्र गाडीबद्दल आहे, आधीच सांगून टाकतो. गाडीचा विषय निघाला की तू चहा टाकायला उठतेस, हे मला माहीत आहे. या वेळी उठू नकोस. मी इतका खूश आहे की तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि आमच्या घरातल्या बाईसाहेब आता हा विषय ऐकून घ्यायला तयार नाहीत.

तर, मी गाडीत गाण्यांची सिस्टिम बसवली. स्वतः! हट्ट तुझ्या भावजयीचा. नववा लागल्यापासून तिचं म्हणणं, जड आवाजाचं गाणं लागलं की बाळ पाय झाडतं, तेव्हा दवाखान्यात जाताना गाडीत गाणी हवीतच. दुकानदार बसवून देतो म्हणत होता, पण मी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. आपली जुनी गाडी आठवते ना? सीटखालून धूर आला तेव्हा ती तू चालवत होतीस. नंतर मेकॅनिकने दाखवलं, सीटखाली वायर घासली होती आणि आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळून ठेवला होता. तेव्हापासून तू गाडीत बसली नाहीस. तुला कोणी भित्री म्हटलं तर मी भांडतो, कारण तो चांदीचा कागद माझ्याही डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून दुकानात मी त्या माणसाचं डोकं खाल्लं. पहिली वायर पात्याने खरवडली तर आतून पांढरी, तांबं नुसतं वरवर. परत केली. मग अस्सल तांब्याची, करंगळीएवढी जाड घेतली. फ्यूज मागितला तर म्हणे मोठाच न्या, कधी उडणार नाही. अरे बाबा, उडावा म्हणूनच तर घेतोय! वायर जेवढा करंट सोसेल त्याच्या आतलाच फ्यूज हवा. चाळीस अँपिअरचा घेऊन आलो.

आणि घरी येऊन माती खाल्ली. फ्यूज कायम डोळ्यांसमोर राहावा, म्हणून तो मी डिकीत, अॅम्प्लिफायरच्या शेजारी मोठ्या दिमाखात बसवला. बाईसाहेब स्टुलावर बसून, टॉर्च पोटावर टेकवून बघत होत्या. तिने एवढंच विचारलं, की बॅटरीपासून इथवर येणारी वायर मध्ये कुठे सीटखाली घासली, तर हा मागे बसलेला फ्यूज काय करणार? माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. आपली धुराची वायर अशीच तर घासली होती! सगळं उपसलं. आता फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर आहे. पत्र्याच्या भोकात रबरी कडं घातलंय, अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडलाय, सीटखालची वायर जाड नळीतून नेलीय. मग दुपारभर मोठ्याने गाणी लावली आणि वायरीला जागोजागी हात लावून पाहिला. गार! ताई, मी अक्षरशः रस्त्यावर नाचलो. शेजारीण खिडकीतून हसत होती, हसू दे.

आता खरं सांगतो. डॉक्टर म्हणाल्यात, आता कधीही. ही वरून हसते, पण घाबरली आहे. कळा सुरू झाल्या की मला मागे तिच्याजवळ बसायचंय, तिचा हात धरून. मग गाडी कोण चालवणार? टॅक्सी मिळेल, शेजारीही येतील, ते मला कळतं. पण मला गाडी शिकवलीस तू. धुरात समोरचं काही दिसत नसताना गाडी कडेला घेऊन आईला आणि मला बाहेर ओढलंस तेही तूच. मला दुसरं कोणी नको. तू ये. स्वतः बॉनेट उघड, एकेक वायर ओढून बघ, मन मानलं नाही तर सगळी सिस्टिम उपटून टाक, आपण गाण्यांशिवाय जाऊ. फक्त स्टिअरिंगवर तू बस.

तुझाच,
धाकटा