चालू वर्तमानकाळातले बाबा

प्रिय छोट्या,

तू लग्न आधी केलंस आणि मग कळवलंस, त्या दिवसापासून तुझं नि बाबांचं बोलणं बंद आहे, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये मी भरडली जातेय. पण आज भांडायला लिहीत नाहीये. एक बातमी आहे. बाबा माझ्या इंग्रजीच्या क्लासला येऊ लागलेत.

हसू नकोस. औषधांच्या दुकानावरची माझी ती खोली, तो उभा जिना तुला ठाऊक आहे. गुडघे कुरकुरतात, तरी येतात आणि खिडकीजवळचा बाक अडवून बसतात. बाकीचे सगळे नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेले. त्यांनी विचारलं, आजोबा तुम्ही कशाला, तर म्हणतात, वेळ जात नाही. मलाही हेच सांगितलं होतं आणि मीही खोदून विचारलं नाही.

परवा मी शिकवत होते की माहीत असणं, आवडणं, हवं असणं, असल्या क्रियापदांना आयएनजी लावायचा नाही. ती कृती नव्हे, स्थिती. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. बाबा मात्र उठून उभे. आय ॲम नोइंग का नाही चालत म्हणे? मी म्हटलं, स्थिती जागच्या जागी उभी असते, ती चालू नसते. जन्मभर लोकांना मोटार शिकवलेला माणूस, ऐकतोय थोडाच! म्हणाले, गाडी उभी असली तरी इंजिन चालू असतंच की, उगाच का पेट्रोल जळतं? वर्गात खसखस पिकली.

आता घरभर हेच. आय ॲम वॉन्टिंग टी. आय ॲम हॅविंग नी पेन. टोकलं की चिडतात. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण अगदीच अंगाशी आल्याशिवाय ते तो दाबत नसत. शिकणाऱ्याच्या चुका मनात ठेवायचे आणि गाडी कडेला लावल्यावर सांगायचे. चालत्या गाडीत बोललं की शिकणारा गडबडतो, असं त्यांचं म्हणणं. मलाही तोच नियम घातलाय, वाक्य संपू दे, मग बोल. मी ओठ दाबून बसते. कटकट्या झालाय म्हातारा, पण फार गोड वाटतो गं बाई मला हल्ली.

काल वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. फळा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, रविवारी सकाळी सूनबाईला फोन करणार आहे. तिला आपली भाषा येत नाही, मग कोणीतरी शिकायला हवं ना. थेट तुला फोन करायला त्यांचा ताठा आडवा येतो, आणि तुझाही काही कमी नाही. तेव्हा ऐक. फोन तिलाच उचलू दे. ते काहीही बोलले तरी मध्ये थांबवू नकोस म्हणावं. आणि तू मात्र कुठे जाऊ नकोस, तिच्या शेजारी बस. कारण निघताना त्यांनी मला आणखी एक वाक्य इंग्रजीत करून मागितलं आणि जिना उतरेपर्यंत ते पुटपुटत राहिले. माझा मुलगा जवळ असेल तर त्याला फोन देतेस का?

तुझीच,
ताई